मामंजींचा रेकॉर्ड प्लेअर आणि नागपूरचा सल्ला

प्रश्न : काका, नमस्कार. पावसाळ्याआधी घरावरच्या टिना बदलायला काढल्या, तेव्हा माळ्यावर मामंजींचा रेकॉर्ड प्लेअर सापडला. सुटकेससारखी पेटी, झाकणात स्पीकर. कंपनीची पट्टी निघून गेली आहे. सोबत तीसेक रेकॉर्डी, काही जाड-जड, काही पातळ. लावून पाहिला. तबकडी फिरते, पण दर फेऱ्यात ठक-ठक वाजतं, गाणं रेंगाळतं आणि आवाज बारीक, फाटका येतो. सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवलेलं आहे. नागपूरच्या एका दुकानदाराला फोटो पाठवला. ते म्हणाले, कार्ट्रिज (सुई बसवलेला डोक्याचा भाग) फेका, मॅग्नेटिक बसवा, अडीच हजारात काम होईल. बसवू का? आणि एक चूक झाली. एक जाड रेकॉर्ड सॅनिटायझरनं पुसली, ती चिकट होऊन पांढुरकी झाली.
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मॅग्नेटिक बसवू नका. ते कार्ट्रिज वाईट आहे असं नाही, मोठ्या मशीनला तेच शोभतं. पण तुमच्या पेटीत ते बसवणं म्हणजे बंडीला स्कूटरचं चाक लावणं.

तुमच्या पेटीत जुनं क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असणार. त्यात सुई हलली की आतला तुकडा दाबला-वाकवला जातो आणि त्यातूनच वीज निघते, काहीशे मिलिव्होल्ट. पेटीतला अॅम्प्लिफायर तेवढ्या विजेच्या हिशेबानंच बांधलेला आहे. मॅग्नेटिक कार्ट्रिज देतं चार-पाच मिलिव्होल्ट. त्याला वेगळा प्रीअॅम्प्लिफायर लागतो. तो आवाज नुसता वाढवत नाही, तर रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज परत वर आणतो आणि वाढवलेला उंच पट्टीचा आवाज खाली घेतो. शिवाय मॅग्नेटिकला सुईवर दीड ते तीन ग्रॅम वजन हवं. तुमचा सुई धरणारा दांडा पाच-सहा ग्रॅमसाठी केलेला, त्याचा सांधाही जाम. दोन ग्रॅमवर तो सुईमागे वळणारच नाही, उड्या मारेल. वरून खालच्या मोटारीची गुणगुण मॅग्नेटिक आपल्यात ओढून घेईल ती निराळीच. अडीच हजार घालून तुम्ही मलाच पुन्हा पत्र लिहाल.

तरी दुकानदाराचं अर्धं बरोबर निघू शकतं. बारीक, फाटका आवाज म्हणजे बहुधा कार्ट्रिज गेलेलं. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. श्रावण-भादव्याच्या ओलीनं तो पाणी धरून खराब होतो, आणि साधारण ५५ अंशांच्या पुढे तर कायमचा बिघडतो. आपल्याकडे मे महिन्यात टिनेखालचा माळा किती तापतो, हे तुम्हाला मी काय सांगू! सिरॅमिकला ना ओलीचं एवढं भय ना उन्हाचं. म्हणून बदलायचंच झालं तर सिरॅमिकच घ्या.

पण बदलण्याआधी एक पाहा. कार्ट्रिजच्या तोंडाशी छोटी कळ असते, ती फिरवली की सुई पालटते. एक बाजू ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जाड रेकॉर्डींची, दुसरी एलपीची, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या पातळ रेकॉर्डींची. मामंजी शेवटी जाड रेकॉर्डी ऐकत असतील तर सुई ७८ वरच राहिली असेल. ७८ च्या सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एलपीचं १८ ते २५. जाड सुई एलपीच्या बारीक खाचेत उतरतच नाही, काठावरून घासत जाते आणि आवाज फाटतो. उलट, बारीक सुई ७८ च्या खाचेच्या तळाशी धुळीतून भटकते. अर्धे ‘मेलेले’ प्लेअर मी नुसती ती कळ फिरवून जिवंत केले आहेत, आणि पैसेही घेतले आहेत. आता वय झालं, कबूल करायला हरकत नाही.

ते चार आणे काढा. सुई झिजली की उड्या मारते, मग माणूस वर नाणं चिकटवतो, म्हणजे झिजलेली सुई आणखी जोरानं रेकॉर्ड खरवडते. हे मी स्वतः केलं आहे. १९६८-६९ साली मी गावोगाव लग्नात भोंगा लावायचो. पोलादी सुई एका बाजूला एक वापरायची असते, म्हणून तर डबीत दोनशे यायच्या. मी पैसे वाचवायला एका सुईवर पूर्ण वरात काढायचो. दोन सीझनमध्ये मालकाच्या काळ्याभोर रेकॉर्डी राखाडी झाल्या. मालक एवढंच म्हणाले, “लेका, रेकॉर्डी वाजवल्या का नांगरल्या?”

सुई घड्याळवाल्याच्या भिंगातून पाहा. टोक गोलसर हवं, एका बाजूनं छिन्नीसारखं झालं असेल तर फेका. वजन मोजायला सराफाचा काटा उत्तम. पेटी घेऊन त्यांच्या दुकानात जावं लागेल, चहा पाजतील. काट्यावर दांडा तबकडीइतक्या उंचीवर असला पाहिजे, नाहीतर आकडा खोटा.

ठक-ठक रबराच्या चाकाची आहे. मोटार आणि तबकडी यांच्यामध्ये ते असतं. मशीन वेगाच्या कळीवर अडकलेलं तसंच वर्षानुवर्षं पडून राहिलं, चाकाला खड्डा पडला आणि आता दर फेऱ्याला तो ठोकतो. चाक काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. कधी कधी तासन्तास फिरवून खड्डा मऊ होतो, नाहीतर खराद्याकडून रबर घासून घ्या. यापुढे वाजवून झालं की कळ नेहमी ‘बंद’वर.

गाणं रेंगाळतं कारण मोटारीच्या बुशातलं (आस फिरतो त्या नळीतलं) तेल चिकाचं झालं आहे. पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या, रबरापासून दूर. खोबरेल नको. कुणीतरी घालतंच, म्हणून लिहिलं. मग कागदाची चिठ्ठी तबकडीच्या काठाला लावून मोजा, ३३ च्या कळीवर तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. व्होल्टेज पडलेलं असताना मोजू नका, अशा मोटारी त्यानं हळू होतात. इन्व्हर्टरवर तर लावूच नका.

उघडणं, पुसणं, तेल देणं हे सगळं प्लग काढून. आणि पुढच्या वेळी लावण्याआधी गावातल्या मेकॅनिकला उघडून दाखवा, त्याच्या सिरीजच्या बल्बवर, म्हणजे बल्बमधून वीज देऊन, आधी लावू द्या. स्वस्तातल्या काही पेट्यांत ट्रान्सफॉर्मरच नसतो, लोखंडी सांगाड्यात करंट असतो.

आता सॅनिटायझर. त्या जाड रेकॉर्डी लाखेच्या असतात. पळसावर, कुसुमावर किडा चढतो, फांद्यांवर लाख जमते, गोंदिया-भंडाऱ्याकडे अजून काढतात. सॅनिटायझरात अल्कोहोल, अल्कोहोलात लाख विरघळते. फर्निचरचं पॉलिश असंच करतात, तुम्ही रेकॉर्डीचं केलं. ती गेली, तिच्यावर सुई ठेवू नका, उगाच सुई चिकटेल. बाकीच्या जाड रेकॉर्डी नुसत्या ओलसर मऊ कापडानं पुसून लगेच कोरड्या करा. पातळ एलपी प्लॅस्टिकच्या. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, खाचेच्या दिशेनं, लेबल वाचवून, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं एकदा आणखी. दुकानात नीट सांगा, बॅटरीचं तेजाब नको. सुई पुसायची ती मागून पुढे, मऊ ब्रशनं. कापूस घरात येतो तेव्हा दर बाजूनंतर पुसा, तंतू सुईला असा लपेटतो की गाणं सर्दी झाल्यागत वाजतं.

रेकॉर्डी खालच्या थंड खोलीत पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. कळ फिरवूनही आवाज बारीकच राहिला, तर कार्ट्रिजच्या अंगावरचा नंबर आणि मागच्या वायरींचा फोटो पाठवा. स्क्रूचं अंतर अर्धा इंच आहे का, तेही पट्टीनं मोजून कळवा, म्हणजे त्याला बसणारं सिरॅमिक कोणतं ते पुढच्या अंकात सांगतो.