भाकरी सोडली, पण गुळाच्या चहाचं काय?

मागच्या महिन्यात कीटोबद्दल, म्हणजे कार्ब (भात-भाकरी-साखरेतली कर्बोदकं) अगदी कमी करायच्या डाएटबद्दल, दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा नुसता ढीग आला. त्यातली पाच घेतीये. आधी एकच हिशेब सांगते, पुढे सारखा लागेल. कीटोत दिवसाचे नेट कार्ब (एकूण कार्ब वजा फायबर) साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवायचे. तेवढे कमी मिळाले की लिव्हर चरबीपासून कीटोन बनवतं आणि शरीर त्यावर चालायला लागतं. एका मध्यम भाकरीतच २५-३० ग्रॅम कार्ब, म्हणून ती पहिली जाते.

ताई, तीन आठवडे झाले कीटो करतोय. भात, भाकरी, चपाती, साखर सगळं बंद. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेलं, आता काटा हलतच नाहीये. चहा चार वेळा, पण गुळाचा. भूक लागली की काजू. रात्री एक वाटी वरण, तेही नुसतं. चुकतंय कुठे? (सांगली)

दादा, उत्तर तुमच्या पत्रातच आहे, फक्त बेरीज करायची राहिलीये. चहाचं बघू. एका कपात ७५ मिली दूध धरलं तरी चार कपांचं ३०० मिली झालं, त्यात दुधाचीच साखर १४-१५ ग्रॅम. प्रत्येक कपात चमचाभर गूळ, म्हणजे अजून २० एक ग्रॅम, कारण गूळ कितीही सेंद्रिय आणि काळा असला तरी कार्बच्या हिशेबात तो साखरच. काजू मूठभर, ३० ग्रॅम, त्याचे ८. आणि वाटीभर वरणात ३० ग्रॅम तूरडाळ गेली असेल तर १५ च्या आसपास. झाले की नाही ५५-६०? भाजी अजून धरलेली पण नाही. भाकरी सोडल्याचं दुःख केलंत आणि कार्ब मात्र मागच्या दाराने आत येत राहिले.

पहिले तीन किलो म्हणजे मुख्यतः पाणी हो. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर) तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, कार्ब बंद केले की ते दोन्ही जातं. म्हणून पहिला आठवडा सगळ्यांना भारी वाटतो आणि दुसऱ्यात तोंड पडतं.

काय करा, चहा दोनच कप, बिनगुळाचा, दूध कमी, नाहीतर सरळ कोरा. काजूऐवजी अक्रोड, किंवा शेंगदाणे वजन करून, कारण ३० ग्रॅम शेंगदाण्यात नेट कार्ब २-३ च ग्रॅम असतात. पण वजन करून म्हणजे खरंच काट्यावर. मी स्वतः एकदा "मूठभर" म्हणून डब्यातून काढले आणि काट्यावर टाकले तर ५५ ग्रॅम निघाले, आणि माझी मूठ काही मोठी नाहीये. वरणाच्या जागी अंड्याची भुर्जी किंवा पनीर, सोबत फ्लॉवर, पालक, मेथी, शेपू, भेंडी, वांगं, दुधी यातलं काहीही. बटाटा, मटार, मका, बीट नको. कांदा फोडणीपुरता चालतो, पण रश्शाच्या वाटणात दोन मोठे कांदे भाजून घातले की त्यातच १५ ग्रॅम जातात, चार माणसांत वाटले गेले तरी तुमच्या ताटात चारेक येतातच.

आमच्याकडे रोज मासे. कीटोत चालतात का, आणि सोलकढी? (रत्नागिरी)

तुम्हाला कीटो सगळ्यांत सोपं, मला तर हेवाच वाटतोय! बांगडा, सुरमई, पापलेट, बोंबील यात कार्ब जवळजवळ नसतातच, तिसऱ्यांत (शिंपल्यांत) थोडे असतात. गडबड होते ती तळताना लावलेल्या रव्यात नाहीतर तांदळाच्या पिठात. दोन चमचे पीठ म्हणजे १५ ग्रॅम. बांगड्याचं तिखलं करा, किंवा हळद-तिखट-मीठ-आगळ (कोकमाचा रस) लावून नुसतं तव्यावर खोबरेल तेलात परता. सोलकढी छान चालते, फक्त साखर नको आणि तीन-तीन ग्लास नको, नारळाच्या दुधातही थोडे कार्ब असतातच. भाताशिवाय कढी कशी प्यायची हे मात्र मला विचारू नका.

मी शाकाहारी, चतुर्थी आणि सोमवार दोन्ही करते. उपवासाला धान्य नसतंच, म्हणजे कीटो आपोआप होतं ना? (पुणे)

अगदी उलट! आपल्या उपवासाइतकं कार्बचं ताट वर्षभरात दुसरं नसतं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा भिजवला की खिचडीत ५० च्या वर कार्ब, त्यात बटाट्याच्या फोडी, वर चमचाभर साखर. भगर, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, केळ्याची शिकरण, सगळं त्याच रांगेतलं. उपवास सोडू नका, ताट बदला. शेंगदाण्याची आमटी (गूळ न घालता), काकडीची कोशिंबीर कूट घालून, ओलं खोबरं, पनीर तुपात जिरं घालून परतलेलं, वाटीभर दही. तुमच्याकडे भेंडी चालत असेल तर तीही. एरवीच्या दिवशी जवसाची चटणी घ्या, जवसातले जवळपास सगळे कार्ब फायबरच असतात, आणि कीटोत पोट साफ होत नाही ही जी तक्रार दर दुसऱ्या पत्रात आहे तिच्यावरही ती कामाला येते, पाणी मात्र भरपूर प्या.

आईचं वय ५८, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. तिला माझ्याबरोबर कीटो सुरू करू का? (नाशिक)

डॉक्टरांना विचारल्याशिवाय उद्याही नाही आणि परवाही नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना ताटातले कार्ब एकदम काढले तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, डोस आधी कमी करावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ग्लिफ्लोझिनवाली गोळी असेल तर अजूनच जपून, कारण त्यात शुगर फारशी वाढलेली न दिसताही कीटोन वाढून रक्तातलं आम्ल धोकादायक वाढू शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं काही दिसलं तर घरी लिंबूपाणी देत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. बीपीच्या गोळ्यांचाही डोस बघावा लागतो. किडनीचा त्रास असेल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर हा डाएट मनाने करायचाच नाही. हा मुळात वजनासाठी निघालेला प्रकार नाहीये, १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो फिट्स येणाऱ्या पेशंटसाठी सुचवला, आणि आजही औषधांना दाद न देणाऱ्या फिट्सवर मुलांना तो देतात, पण डॉक्टर आणि डाएटिशियनच्या देखरेखीखाली, ग्रॅमा-ग्रॅमाने मोजून. तुम्ही स्वतः करताय तर सुरू करायच्या आधी आणि तीनेक महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा, काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच वर जातं.

शुगर फ्री बिस्किटं चालतील का चहाबरोबर? (ठाणे)

पुडा उलटा करा. मी गेल्या रविवारी केला, पुढे मोठ्या अक्षरात शुगर फ्री आणि मागे यादीत पहिलं नाव मैदा, दुसरं माल्टिटोल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोडवा, ज्याने शुगर साखरेपेक्षा कमी पण वाढतेच. परत मांडणीत ठेवून दिला.