पेज रिफ्रेश केलं की लॉगिन केलेला युजर पुन्हा लॉगिन पेजवर जातो. रिडक्समध्ये (ॲपची माहिती एका जागी ठेवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) हे कसं सांभाळायचं?

रिडक्सचा स्टोअर, म्हणजे ही माहिती ठेवायची जागा, टॅबच्या मेमरीत असतो, त्यामुळे रिफ्रेश होताच तो पुसला जातो. म्हणून टोकन (लॉगिनची ओळख पटवणारा कोड) लोकलस्टोरेजमध्ये (रिफ्रेशनंतरही टिकणारी ब्राउझरची साठवण) टाकायचा मोह होतो, पण तो टाळाच: पेजवर एखादी घातक स्क्रिप्ट शिरली तर ती ते सहज वाचते. सेशन सर्व्हरने एचटीटीपीओन्ली (स्क्रिप्टला वाचता येत नाही), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून जाते) आणि सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत जाण्यावर मर्यादा) लावलेल्या कुकीत ठेवावं. स्टोअरमध्ये फक्त युजरचं नाव, रोल आणि स्टेटस.

खरी गोम या स्टेटसमध्ये आहे. खरं-खोटं असा बुलियन पुरत नाही. 'तपासतोय', 'लॉगिन आहे' आणि 'पाहुणा' अशा तीन अवस्था हव्यात. सुरुवात 'तपासतोय'पासून करा, ॲप उघडताच सर्व्हरला सध्याचा युजर विचारा आणि उत्तर येईपर्यंत संरक्षित रूटवर (लॉगिन लागणाऱ्या पेजवर) लोडर दाखवा. बुलियन असेल तर सुरुवातीला तो 'खोटं' असतो आणि उत्तर येण्याआधीच रीडायरेक्ट होतो. तुमच्याकडे बहुधा हेच घडतंय.

ॲक्सेस टोकन (रिक्वेस्टसोबत जाणारं, थोड्या वेळाने संपणारं टोकन) संपल्यावर पाच रिक्वेस्टना एकदम ४०१ (लॉगिन वैध नसल्याचा कोड) आला, तर पाच वेळा टोकनचं रिफ्रेश, म्हणजे नवं टोकन, मागू नका. एकच प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तरासाठीचा जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट) ठेवा, बाकीच्यांनी त्याचीच वाट पाहावी. रिफ्रेश टोकन (नवं ॲक्सेस टोकन मिळवायचं टोकन) दर वेळी बदलत असेल, तर दुसरी मागणी जुनं टोकन पाठवते आणि युजर बाहेर फेकला जातो.

लॉगआउटला आधी सर्व्हरवरचं सेशन रद्द करा, मग रूट रिड्यूसरमधून (स्टोअर बदलणारं मुख्य फंक्शन) सगळा स्टेट रीसेट करा. नाहीतर पुढच्या युजरला आधीच्याचा डेटा दिसतो. आणि परवानगीची तपासणी प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हरवरच व्हायला हवी, कारण स्टोअरमधला रोल कुणीही ब्राउझरमध्ये बदलू शकतो.