बेसबॉल कोळून प्यायल्याचा आव आणणाऱ्या अमेरिकन सहकाऱ्यांना कोणत्या नियमांवर अडकवता येईल?

आकडे विचारू नका, एवढं आधीच सांगतो. कुणी किती होमरन मारले, कुठल्या साली कोण जिंकलं, यात त्यांच्यापुढे तुमचा पाड लागणार नाही. ही मंडळी खेळाडूंच्या कार्डांमागचे आकडे पाठ करत लहानाची मोठी झालेली असतात. तुम्ही लिहिलंय की ऑफिसातले चौघे जेवणाच्या टेबलावर बेसबॉलशिवाय दुसरं काही बोलत नाहीत, वर 'पाच दिवस खेळून ड्रॉ?' म्हणून तुम्हाला क्रिकेटवरून चिडवतात, आणि एकदा तरी त्यांची बोलती बंद व्हावी अशी तुमची इच्छा आहे. मग नियम विचारा. तेही नियमपुस्तकाच्या सांदीकोपऱ्यातले नकोत. ते लोक लहानपणापासून मैदानावर ज्या गोष्टी ओरडत आलेत, त्याच विचारा. गल्लीत 'पहिला बॉल ट्रायल' म्हणणाऱ्या पोराला तो नियम थेट लॉर्ड्सवरून आलाय असं वाटायचं ना, तसं इथे पन्नाशीच्या माणसांचं असतं.

मी न्यू जर्सीत चौदा वर्षं आहे. मुलगा लिटल लीग (लहान मुलांचं बेसबॉल) खेळायला लागला, पालकांमधून एक अंपायर हवा होता, आणि त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम मारायचं हे आपल्या सोसायटीच्या सभेतलं तत्त्व इथेही चालतं. पुस्तक वाचणं भाग पडलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की कुंपणापलीकडून माझ्यावर ओरडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते उघडलेलंसुद्धा नाही.

सुरुवात या प्रश्नानं करा: बॅटरनं बॅट फिरवलीच नाही आणि चेंडू त्याच्या बोटांवर आदळला, तर काय द्यायचं? निम्मे लोक ठामपणे सांगतील की फाउल (हद्दीबाहेर गेलेला फटका), कारण 'हात म्हणजे बॅटचाच भाग'. माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. दहा वर्षांचा पोरगा, चेंडू सरळ बोटांच्या पेरांवर. बॅट टाकून तो हात मांडीत दाबून वाकलाय, हेल्मेट डोळ्यांवर आलंय, आणि पलीकडच्या डगआउटमधून कोच ओरडतोय, "फाउल! हात बॅटचाच भाग आहे!" खरं सांगतो, क्षणभर मलाही ते पटलं. आपल्या क्रिकेटमध्ये बॅट धरलेला ग्लव्ह बॅटच धरतात, निम्मे झेल तसलेच असतात. पण बेसबॉलमध्ये हात हा हातच. चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेर असेल आणि बॅटरनं तो चुकवायचा प्रयत्न केला असेल, तर त्याला पहिला बेस, म्हणजे धावण्याच्या चौकोनाचा पहिला कोपरा, फुकट. बॅट फिरवताना लागला तर मात्र स्ट्राइक (असे तीन झाले की बाद), आणि चेंडू तिथेच डेड. म्हणजे बोटंही सुजली आणि स्ट्राइकही पडला. त्या कोचनं नंतर माझ्याशी हस्तांदोलन केलं, पण पटलं नव्हतं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

याच जातीचे आणखी दोन, पटकन उरकण्यासारखे. पहिल्या बेसच्या पुढे धावत गेलेला बॅटर डावीकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूला वळला तर त्याला टॅग करून (हातातला चेंडू त्याला लावून) बाद करता येतं का? शाळेत सगळ्यांना 'उजवीकडेच वळायचं' असं शिकवलेलं असतं. नियमात दिशा नाहीच. दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केला का, एवढंच बघायचं. आणि होम प्लेट, म्हणजे बॅटरपाशी जमिनीत बसवलेली पाटी, फेअर (हद्दीतली) की फाउल? चेंडू प्लेटला लागला की फाउल, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. अख्खी प्लेट फेअर हद्दीत असते.

आता खरा दारूगोळा. इनफिल्ड फ्लाय.

हा नियम मला येतो असं इथला प्रत्येक जण म्हणतो. म्हणून 'येतो का?' असं विचारू नका, 'पूर्ण सांग' म्हणा. दोनपेक्षा कमी बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर किंवा तिन्ही बेस भरलेले, आणि इनफिल्डरला (बेसच्या आसपास उभ्या फिल्डरला) सहज झेलता येईल असा उंच चेंडू, तर झेल घेवो न घेवो, बॅटर बाद. बंट करताना (बॅट न फिरवता चेंडू नुसता ढकलताना) उडालेला किंवा सरळ गोळीसारखा गेलेला चेंडू यात धरत नाहीत. बहुतेक लोक 'पहिल्या बेसवर रनर असला की झालं' असं सांगून तिथेच अडकतात.

नियम कशासाठी आला ते कळलं की पाठ करावा लागत नाही. चेंडू उंच उडालाय, झेल होणार म्हणून रनर आपापल्या बेसला चिकटून उभे आहेत. लबाड फिल्डर ऐन वेळी चेंडू खाली पाडतो. झेल नाही म्हटल्यावर आता सगळ्यांना पुढे पळणं सक्तीचं, आणि ते पोचायच्या आत हा दोन बेसवर चेंडू फिरवून दोघांना बाद करतो. ही चलाखी बंद करायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा नियम आणला. पण एकटा पहिला बेस भरलेला असला तर? तेव्हा बॅटर स्वतः जोरात पळाला तर दोघं बाद होणं अवघड, फार तर एका रनरच्या जागी दुसरा येईल. म्हणून तिथे इनफिल्ड फ्लाय नाही. तिथे दुसरा नियम आहे, आणि तुमचा हुकमाचा पत्ता तोच: हातात आलेला चेंडू इनफिल्डरनं मुद्दाम सोडला तर बॅटर बाद, चेंडू डेड, रनर जागच्या जागी. पण हात न लावता चेंडू नुसता जमिनीवर पडू दिला तर? चालतं! खेळ चालू राहतो. या 'हात न लावता'वर मी तीस वर्षं सामने बघणाऱ्यांना गप्प बसलेलं पाहिलंय.

कुणी फारच शहाणा निघाला तर त्याला 5 ऑक्टोबर 2012 ची आठवण करून द्या. अटलांटा, ब्रेव्ह्ज विरुद्ध कार्डिनल्स, हरेल तो घरी. आठवी इनिंग, ब्रेव्ह्ज 6-3 नं मागे, एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर. सिमन्सनं उडवलेला चेंडू डाव्या आउटफिल्डच्या गवतात खोलवर गेला. कार्डिनल्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला इनफिल्डर) कोझ्मा मागे पळत गेला, हात वर करून उभा राहिला आणि शेवटच्या क्षणी बाजूला झाला. चेंडू पडला. प्रेक्षक नाचायला लागले, आणि तेवढ्यात दिसलं की रेषेवरच्या अंपायरनं, सॅम होलब्रूकनं, हात वर केलाय: इनफिल्ड फ्लाय, बॅटर बाद. मैदानात बाटल्यांचा पाऊस पडला, खेळ 19 मिनिटं थांबला, सामना 6-3 वरच संपला. 'आउटफिल्डमध्ये पडलेला चेंडू इनफिल्ड फ्लाय कसा?' हा प्रश्न अटलांटाकडच्या माणसाला विचारलात तर जेवणाची सुट्टी संपेल पण उत्तर संपणार नाही. पुस्तकाच्या दृष्टीनं चेंडू कुठे पडला याला महत्त्व नाही, इनफिल्डरला तो सहज घेता आला असता का याला आहे. होलब्रूकनं हात फार उशिरा वर केला असं माझं मत आहे, पण नियम चुकीचा लावला असं मला वाटत नाही. हे वाक्य अटलांटात उच्चारू नका.

याच लबाडीचं भावंड म्हणजे सुटलेला तिसरा स्ट्राइक. विचारायचं असं: पिचर (आपला बोलर) एका इनिंगमध्ये जास्तीत जास्त किती जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक टाकून बाद, करू शकतो? 'तीन' म्हणाला की तो गेला. तिसरा स्ट्राइक कॅचरनं (आपल्या कीपरनं) हवेतल्या हवेत पकडला नाही, तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळायची मुभा असते. आपल्या बाय रनसारखंच. तो पोचला तर पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट जमा, पण बाद कुणीच नाही. म्हणून कितीही होऊ शकतात, आणि चार तर झालेलेही आहेत. अट इतकीच की पहिला बेस रिकामा हवा, नाहीतर दोन बाद हवेत. का? कारण तशी अट नसती तर कॅचरनं मुद्दाम चेंडू सोडून दोघांना बाद केलं असतं. म्हणजे फिरून तीच भानगड. 2005 मध्ये शिकागोत व्हाइट सॉक्सचा पिअरझिन्स्की तिसऱ्या स्ट्राइकवर चुकला, दोन बाद होते, एंजल्सच्या कॅचरला वाटलं इनिंग संपली आणि त्यानं चेंडू पिचरच्या उंचवट्याकडे घरंगळत सोडून दिला. चेंडू टप्पा पडून आला अशी शंका येताच हा पहिल्या बेसकडे सुटला. अंपायरनं त्याला तिथेच ठेवलं, त्याच्या जागी आलेल्या रनरनं विजयी रन काढली, आणि व्हाइट सॉक्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले. 1917 नंतर पहिल्यांदा.

आता एक प्रश्न असा, जिथे आपण भारतीय जन्मतःच पुढे आहोत: अपील. 'हाउज दॅट' ओरडल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही हे आपल्या रक्तात आहे. अमेरिकन माणसाला अंपायरनं स्वतःहून सगळं सांगावं असं वाटतं. म्हणून विचारा: तीन बाद झाल्यावर चौथा बाद मागता येतो का? येतो. 2009 च्या एप्रिलमध्ये डॉजर्स आणि डायमंडबॅक्सच्या सामन्यात एक बाद असताना डायमंडबॅक्सच्या पिचर हॅरननं सरळ आलेला चेंडू झेलला, तो दुसरा बाद. मग दुसऱ्या बेसजवळ डॉजर्सच्या पिअरला टॅग केलं, तो तिसरा. पण त्या टॅगच्या आधीच तिसऱ्या बेसवरून निघालेल्या ईथिअरनं होम प्लेटवर पाय ठेवला होता. झेल झाल्यावर तो परत बेसला शिवला नव्हता, म्हणजे नुसतं तिसऱ्या बेसवर चेंडू नेऊन अपील केलं असतं तर ती रन पुसली गेली असती. डायमंडबॅक्सवाले तीन बाद झाले म्हणून आनंदात डगआउटमध्ये निघून गेले. रन फळ्यावर चढली. अंपायर आपणहून तोंड उघडत नसतो.

मर्कलची गोष्ट तुमच्या चौघांना बहुधा माहीत असेल: 23 सप्टेंबर 1908, न्यूयॉर्क, जिंकलो म्हणून एकोणीस वर्षांचा मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच परत फिरला आणि कब्जच्या एव्हर्सनं चेंडू मागवून बेसवर पाय ठेवला. विजयी रन रद्द, सामना बरोबरीत. पण पुढचा प्रश्न सहसा कुणाला येत नाही: एव्हर्सला ते इतक्या पटकन सुचलं कसं? सुचलं नव्हतंच. एकोणीसच दिवस आधी, 4 सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये त्यानं हेच अपील केलं होतं, आणि तिथेही अंपायर हँक ओडेच होता. तेव्हा ओडेनं मानलं नाही. डोक्यात मात्र ठेवलं.

ब्रेटच्या बॅटवरच्या डिंकाची 1983 ची गोष्ट विचारू नका, ती शेंबडं पोरही सांगतं. त्याऐवजी, फिल्डरनं काढून फेकलेला ग्लव्ह जमिनीवरच्या फेअर चेंडूला लागला तर किती बेस मिळतात, ते विचारा. तीन. (कीपरमागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला की पाच रन, हे ज्यानं पाहिलंय त्याला यात नवल वाटत नाही.) आणि एकच माणूस एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळू शकतो का? डॅनी जॅन्सन, 2024. जूनमध्ये बॉस्टनला पावसानं सामना अर्धवट राहिला तेव्हा तो टोरांटोकडून बॅटिंग करत होता. मधल्या काळात त्याची बॉस्टनशी अदलाबदल झाली, आणि 26 ऑगस्टला सामना पुढे सुरू झाला तेव्हा तो बॉस्टनचा कॅचर म्हणून प्लेटमागे बसला होता. त्याचीच अर्धवट राहिलेली बॅटिंग पुरी करायला टोरांटोचा दुसरा खेळाडू समोर!

एक सावधगिरी. अलीकडे बदललेल्या नियमांवर पैज लावू नका. जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर ठेवतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण प्लेऑफमध्ये ठेवत नाहीत. पिचरच्या घड्याळाचे (चेंडू टाकायला मिळणाऱ्या वेळेचे) सेकंदही 2023 चे वेगळे आणि 2024 चे वेगळे. इथे तुम्हीच तोंडावर पडाल. नियमपुस्तक फुकट उतरवून घेता येतं, फोनमध्ये ठेवा. आपल्या उच्चारात सांगितलेला नियम लोकांना लवकर खरा वाटत नाही.

मी हा प्रयोग माझ्या ऑफिसात केला होता. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी केचपची पाकिटं रनर म्हणून मांडली, कागदी रुमालावर मैदान काढलं, आणि 'हात न लावता'शी येऊन वीस मिनिटं थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी गाठून त्यांनी मला विचारलं, "शॉट न खेळता पॅडला लागून चेंडू गेला तर तुमच्यात लेग बाय मिळतो का?" मी 'हो' म्हणालो. त्यांच्या हातात क्रिकेटच्या कायद्यांची छापील पानं होती.