मलेशियातला नासी लेमाक (सांबलसोबत वाढला जाणारा नारळी भात) शाकाहारी मिळतो का?

मिळतो, पण ऑर्डर देण्याआधी सांबलची, म्हणजे सोबतच्या मिरचीच्या चटणीची, चौकशी करा. भात बहुधा निर्धोक असतो: नारळाच्या दुधात शिजवलेला, पांदानच्या पानाचा वास लागलेला (आपल्याकडेही काही घरांत हे पान भातात घालतात). खरी अडचण त्या लाल, तिखटगोड सांबलची. त्यात बहुतेक वेळा बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. वरची तळलेली सुकी मासळी निदान बाजूला काढता येते. शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं सोबत असतंच. क्वालालंपूरमध्ये चिनी बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं आहेत, तिथे मासळीविना केलेलं सांबल मिळू शकतं. मात्र अंड्याचं विचारून घ्या. मासे खात असाल तर मात्र सकाळी गाडीवरची केळीच्या पानातली पुडीच घ्या, गरम असतानाच.