नाकाचा पडदा वाकडा, ऑपरेशन करावं का?

प्रश्न: मिस्टरांचं नाक कायम बंद, रात्रभर तोंडाने श्वास घेतात, उशाशी ड्रॉप्सची बाटली असतेच. डॉक्टर म्हणतात पडदा वाकडाय, ऑपरेशन करा. चेहरा बिघडेल का हो? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: ताई, चेहऱ्याचं टेन्शन सोडा, सेप्टोप्लास्टी, म्हणजे पडदा सरळ करायचं ऑपरेशन, नाकपुडीच्या आतूनच होते, बाहेर व्रण राहत नाही. मला खरी काळजी वाटते ती त्या बाटलीची! झायलोमेटाझोलिनसारखे नाक मोकळं करणारे ड्रॉप्स आठवड्याच्या वर रोज घातले की औषध उतरल्यावर आतलं अस्तर आणखीच सुजतं, मग परत ड्रॉप्स, परत सूज, तेव्हा हे आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ॲलर्जी असेल तर ती ऑपरेशनने जात नाही, तिची ट्रीटमेंट चालूच ठेवावी लागते. ऑपरेशननंतर सुरुवातीला सुजेमुळे नाक जास्तच बंद वाटतं, घाबरू नका, फक्त 1-2 आठवडे शिंकरू देऊ नका.