कोस्टा रिका की अमेरिका: आनंदाच्या क्रमवारीवर जाऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहात, मुलगी पाच वर्षांची, कंपनी कोस्टा रिकाच्या राजधानीत, सान होसेला, बदली देतेय, पगार बराच कमी होणार. पण २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात कोस्टा रिका सहावा आणि अमेरिका चोविसावी, मग जावं का?

दोन्हीकडे नोकरी केलेली आहे, म्हणून लिहितो. आधी त्या क्रमवारीचा नाद सोडा. त्या पाहणीत लोकांना शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगतात आणि आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात ते विचारतात. उत्तर देणारा बहुतेक वेळा तिथेच वाढलेला, आईवडील हाकेच्या अंतरावर असलेला. त्याच्या उत्तरावरून तुमची पायरी कशी ठरणार? मानव विकास निर्देशांक बघाल तर तिथे अमेरिका बरीच वर, कारण त्यात उत्पन्न आणि शिक्षणही धरतात.

कोस्टा रिकाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या साधारण पाचवा हिस्सा. तिथली स्वस्ताई धरली तरी जेमतेम तिसरा. तरी सरासरी आयुर्मान ऐंशीच्या आसपास, अमेरिकेपेक्षा थोडं जास्तच. सरकारी दवाखाने आणि पेन्शन सांभाळणारी सामाजिक सुरक्षा संस्था, तिथे सगळे तिला 'काहा' म्हणतात, १९४१ पासून आहे. लष्कर १९४८ मध्ये मोडीत काढलं. नव्वदीच्या दशकात वस्तीवस्तीत 'एबाइस' नावाची छोटी आरोग्य पथकं उभी राहिली. त्यातला एक कर्मचारी घरोघर फिरतो. दारात उभं राहून लशींचं कार्ड बघतो, आजीचा रक्तदाब मोजतो, पाणी कुठून येतं ते लिहून घेतो. आजारी पडायच्या आधीच यंत्रणा घरी येते, हे अमेरिकेतून गेलेल्याला पचायला वेळ लागतो.

आता तुमच्यावर काय बेतू शकतं ते बघा. अमेरिकेत नोकरी गेली की एच-१बीवाल्याला दुसरी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस. कंपनीचा आरोग्य विमा 'कोब्रा' या कायद्याखाली साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता खिशातून आणि वर २ टक्के. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग तर तुम्हाला मी काय सांगायची! बाळंतपणासाठी केंद्रीय कायद्यात पगारी रजाच नाही. आहे ती १२ आठवडे बिनपगारी, तीही ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत. कोस्टा रिकात चार महिने पगारी, आणि डिसेंबरात 'अगिनाल्दो', म्हणजे तेरावा पगार, कायद्यानेच.

पण तिकडे सगळं गोडगोड नाही. काहासाठी पगारातून दहा टक्क्यांहून जास्त कापले जातात, आणि तज्ज्ञ डॉक्टर किंवा शस्त्रक्रिया म्हटलं की रांग महिनोन्महिने. मग ज्याला परवडतं तो खाजगीत जातो. तुम्हीही जाल. सरकारी शाळा २०१८ चा लांबलेला संप आणि मग कोविड यांतून अजून नीट सावरलेल्या नाहीत, त्यामुळे मुलगी खाजगी द्विभाषिक शाळेत जाणार. अमेरिकेत फुकट मिळणारी गोष्ट तिथे दरमहा फी. गाड्यांवर कर इतका की जुनाट गाडीची किंमत ऐकून घाम फुटतो. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोनकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात दरड कोसळून बंद होतो, हे तर नेहमीचंच. आणि सुरक्षित देश म्हणून जी ख्याती आहे ती जुनी झाली: २०२३ मध्ये तिथे खुनांचा उच्चांक झाला, लोकसंख्येच्या प्रमाणात अमेरिकेच्या जवळपास तिप्पट. बहुतेक प्रकरणं अमली पदार्थांच्या टोळ्यांची, पण घर कुठे घ्यायचं ते विचारूनच ठरवा.

माझं मत: पुढच्या पाच-सात वर्षांत पैसा साठवणं हा हेतू असेल तर अमेरिका सोडू नका. दुसरं मूल हवं असेल, आणि व्हिसाच्या टांगत्या तलवारीने झोप उडाली असेल, तर सान होसे चांगलं.

होकार देण्याआधी बदलीच्या पत्रात पगार कोणत्या चलनात आहे ते बघा. २०२२ च्या मध्याला एका डॉलरला ७०० च्या घरात कोलोन (तिथलं चलन) मिळायचे, दोन वर्षांत ते ५०० ते ५३० वर आले. डॉलरमध्ये पगार घेणाऱ्यांचा घरखर्च काही न करता वाढला. खाजगी विमा आणि शाळेची फी कंपनी देणार का, हेही लेखी घ्या.