नोकरी करून पेंटिंगला वेळ कधी काढायचा?

डोंबिवली ते सीएसएमटी रोजची ये-जा करून चित्रं कधी काढायची असं विचारलंय तुम्ही, तर मी म्हणेन किती तास मिळतात ते नंतर, आधी कुठलं काम कुठल्या वेळेला जमतं ते बघा.

रंग दिवसाच्या उजेडातच लावा. रात्री पिवळ्या बल्बखाली मिसळलेला रंग सकाळी भलताच दिसतो, निळे-जांभळे तर हमखास फसवतात. म्हणून शनिवार-रविवारची सकाळ फक्त रंगाची, फोन बंद, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं की या वेळेत हाक मारू नका. रात्री जेवणानंतर जो अर्धा तास मिळतो त्यात कॅनव्हासला जेसो (रंगाआधीचा पांढरा अस्तराचा थर) मारणं, फ्रेमवाल्याला मेसेज, चित्रांचे फोटो नीट लावणं असली कामं उरकायची. ट्रेनमध्ये बसायला मिळालंच तर छोटं स्केचबुक काढा, समोर झोपलेली माणसं असतातच.

ऑइल पेंटिंग करत असाल तर वाळायचा वेळ धरूनच कॅलेंडर बनवा. पातळ थर हाताला सुकायलाच काही दिवस लागतात, जाड असेल तर आठवडे, आणि शेवटचं वार्निश साधारण 6 महिन्यांनी! त्यामुळे 2-3 कॅनव्हास एकदम चालू ठेवा, एक वाळतंय तोवर दुसऱ्यावर हात. पावसाळ्यात तर वॉटरकलरचा वॉशसुद्धा (पाणीदार पातळ थर) लवकर सुकत नाही, तेव्हा पेन-इंक बरं पडतं.

आणि पुढे मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रांचा शो मिळाला तर तिथे सकाळी 11 ते संध्याकाळी 7 स्वतः उभं राहावं लागतं, त्यासाठी ऑफिसच्या सुट्ट्या आतापासूनच साठवा.